दडे बसलेल्या कानाचे पहिले चौदा दिवस

"कधीपासून कमी ऐकू येतंय?" ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, खोलीत हेडफोन चढवण्याआधी आम्ही हा प्रश्न विचारतो. एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालेल्या माणसाकडून फार वेळा उत्तर येतं, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." मधल्या दिवसांत काय काय केलं, तेही साधारण ठरलेलं असतं. कोमट तेल, लसणाची पाकळी घालून तापवलेलं तेल, वाफारा, सर्दीची गोळी, मेडिकलमधून आणलेले मळ काढायचे थेंब, नाक दाबून फुंकर आणि रोज रात्री मोबाइलवर शोधाशोध. कान आहे तसाच. तपासावं तर कानाची नळी स्वच्छ, पडदा मोत्यासारखा चमकतोय. बिघाड त्याच्याही खूप आत आहे. तिथे तेलाचा थेंब पोचत नाही आणि वाफही पोचत नाही.

दिवस मोजायचे ते याचसाठी. आतल्या कानाच्या अचानक बिघाडावर जो काही उपचार आज हातात आहे, तो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावा लागतो. सहा आठवडे उलटल्यावर कान परत आणण्यासाठी देण्यासारखं फारसं काही उरत नाही. कान बंद झाल्याच्या पहिल्या तासापासून शेवटच्या ऑडिओग्रामपर्यंत, म्हणजे त्या चाचणीच्या आलेखापर्यंत, काय काय घडतं, आणि कुठे पाय घसरतो, ते या खोलीतून जसं दिसतं तसं पुढे मांडलं आहे.

एकच शब्द, तीन जागा

मराठीत "दडे बसले" हा शब्द फार उदार आहे. घाट उतरताना दडे बसतात, विमान उतरताना बसतात, सर्दीत बसतात, विहिरीत सूर मारल्यावर बसतात. अडचण अशी की आतल्या कानाच्या पेशींनी काम थांबवलं तरी माणूस हेच सांगतो. "बहिरा नाही झालो, कान गच्च झालाय." "कापूस कोंबल्यासारखं वाटतंय." नसेचा, म्हणजे आतल्या कानातला, बहिरेपणा निघालेल्या बहुतेकांची पहिली तक्रार कान भरल्याची असते. गच्चपणाच्या जाणिवेवरून बिघाडाची जागा ओळखता येत नाही. ही एकच गोष्ट पक्की समजली तरी पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

जागा तीन आहेत. पहिली बाहेरची नळी, साधारण अडीच सेंटिमीटर लांब, पडद्यापाशी संपणारी. दुसरी पडद्यामागची हवेची पोकळी. शाळेच्या पुस्तकातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडं इथेच असतात आणि इथूनच एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. तिसरी जागा हाडाच्या आत दडलेली, गोगलगाईच्या कवचासारखी सुमारे अडीच वेढ्यांची शंखाकृती पोकळी. तिच्यात जवळपास १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची हालचाल विजेच्या संदेशात बदलायचं काम त्यांचं. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. या भागाला रक्त पुरवणारी धमनीही एकच, बारीक, आणि तिला पर्यायी वाट नाही.

पहिल्या दोन जागांचा बिघाड म्हणजे आवाज पोचण्यातली अडचण. मळ, बुरशी, पडद्यामागे साठलेलं पाणी, फाटलेला पडदा, हे सगळं त्यात येतं. यातलं बरंचसं चार दिवस उशिरा बघितलं तरी चालून जातं. तिसऱ्या जागेचा बिघाड हा आवाज ओळखण्यातला बिघाड आहे, आणि तो थांबून राहत नाही.

शोधयंत्र कानात डोकावत नाही

मोबाइलवर "कान बंद झाला उपाय" असं टाकलं की मळ, सर्दी आणि घरगुती उपाय समोर येतात. त्याच माणसाने त्याच कानासाठी "अचानक ऐकू येणं बंद झालं" असं टाकलं तर मेंदूतली गाठ आणि लकवा येतो. कान तोच, पण शब्द बदलला की आजार बदलतो. शोधणाऱ्याने मनात जे आधीच धरलेलं असतं तेच तो टाइप करतो, आणि तेच त्याला परत मिळतं. प्रश्नाला छान परिच्छेदांत उत्तर देणाऱ्या नव्या साधनांचंही तसंच. "दोन्ही नाही, एकच कान", "काल सकाळी उठल्यावर", "त्याच दिवशी चक्कर आली होती" हे तीन तुकडे सांगायचे राहिले तर उत्तर मळाकडेच जाणार, आणि नेमके हेच तुकडे माणूस सांगायला विसरतो.

मागचा-पुढचा प्रसंगही फसवतो. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी इन्स्टाग्रामवर जाहीर केलं की काही आठवड्यांपूर्वी विमानातून बाहेर पडल्यावर आपल्याला अचानक ऐकू येईनासं झालं, आणि डॉक्टरांनी विषाणूच्या हल्ल्याने झालेला, क्वचित आढळणारा नसेचा बहिरेपणा असल्याचं निदान केलं. विमानातून उतरताना कान बंद झाला तर कुणाच्याही मनात आधी हवेचा दाबच येईल. विमान, सर्दी, पोहणं, डोक्यावरून आंघोळ, यातलं काहीतरी आदल्या दिवशी घडलेलं असतंच, आणि सगळा दोष त्याच्या माथी जातो. आंघोळीनंतर पाण्याने मळ फुगून कान बंद होणं ही अगदी खरी आणि रोजची गोष्ट आहे. पण आंघोळ माणूस रोज करतो. कान कोणत्याही कारणाने बंद झाला, तरी त्याच्या आधी आंघोळ ही झालेलीच असणार.

सर्वात जास्त नुकसान करतात ते अनुभव. "लसूण-तेलाने माझा कान चार दिवसांत उघडला" असं लिहिणारा माणूस खोटं बोलत नसतो. अचानक आलेल्या नसेच्या बहिरेपणात साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांची श्रवणशक्ती काही ना काही प्रमाणात आपसूक परत येते, आणि ती येते मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत. म्हणजे त्या दिवसांत जे काही केलं असेल, मग ते तेल असो, गोळी असो की नवस, त्याला यश मिळाल्यासारखं दिसणारच. ज्यांचा कान परत आला नाही त्यांनी तेलाबद्दल काही लिहिलेलं नसतं. ते पुढे दवाखान्यांत फिरत असतात. वाचणाऱ्यापुढे फक्त बरे झालेलेच येतात, आणि तोही आणखी चार दिवस तेल घालून बघतो. ते चार दिवस त्याच्या चौदातून वजा होतात.

मकाराची खूण

घरी करता येण्यासारखी एक खूण आहे. ती रोग ओळखायला नाही, किती घाई करायची ते ठरवायला आहे. आधी दोन्ही कान मोकळे ठेवून ओठ मिटा आणि ओंकाराच्या शेवटी येतो तसा "म्म्म" असा लांब, खालच्या पट्टीत मकार धरा. आवाज कुठे घुमतोय ते बघा. मग चांगल्या कानात बोट घालून तोच मकार धरा. बोट घातलेल्या बाजूला आवाज एकदम मोठा होईल. बाहेरची वाट अडली की हाडातून आलेला आवाज त्या कानात जास्त घुमतो, म्हणून तसं होतं.

आता बोट काढा आणि पुन्हा मकार. बिघडलेल्या, गच्च वाटणाऱ्या कानाकडे आवाज ओढला गेला तर बोटासारखंच काहीतरी मधे अडलं असण्याची शक्यता जास्त, मळ किंवा पाणी. आवाज चांगल्या कानाकडे गेला आणि गच्च कानात काहीच घुमलं नाही, तर आतल्या कानाचा संशय धरायचा. मग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोचायचं. आवाज मध्यभागी राहिला किंवा काही उमगलं नाही, तरीही जायचंच. आवाज गच्च कानाकडे गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. ही खूण चुकते. चोवीस तासांत कान उघडला नाही तर दाखवून घ्यायला हवा.

आणखी दोन खुणा आतल्या कानाकडे बोट दाखवतात. त्या कानाला फोन लावला तर आवाज नुसता बारीक नसतो, तो फाटका, पत्र्यासारखा येतो. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. दुसरी खूण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना लगेच जाणवते. पेटीचा तोच सूर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा लागतो, एका कानाला काळी दोन तर दुसऱ्याला पाव सूर उतरलेली. मळाने सूर उतरत नाही, नुसता आवाज कमी होतो.

मोबाइलवरच्या श्रवणचाचणीने इथे फार घोळ होतो. त्या चाचणीत साध्या इअरफोनचा आवाज मोजून बसवलेला नसतो, आणि खोलीत पंखा चालू असतो, हे तर आहेच. पण खरी उणीव दुसरी आहे. ती चाचणी फक्त हवेतून येणारा आवाज तपासते. मळाने चाळीस डेसिबल कमी झालं आणि नसेने चाळीस डेसिबल कमी झालं, तर दोन्हींची रेघ तिथे अगदी सारखी येते. एकावर मळ काढणं पुरतं, दुसऱ्यावर घड्याळ चालू असतं. शिवाय बिघडलेल्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान तो ऐकतो. मग मेलेला कानही थोडाफार ऐकतोय असं दिसतं.

कानात काय घालू नये

तज्ज्ञाने कान बघेपर्यंत काहीही घालू नये. तेलाने भरलेला कान घेऊन माणूस आला की आधी ते सगळं शोषून काढावं लागतं, पडदा धड दिसत नाही, चाचणी उद्यावर जाते. पावसाळ्यात दमट हवेत तेल घातलेल्या कानात बुरशी धरते. दुर्बिणीतून ती ओल्या टिपकागदावर काळे ठिपके पडावेत तशी दिसते, आणि तिची खाज आठवडाभर पुरते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फसफसणारा आवाज काम होत असल्यासारखा वाटतो, पण पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं. कानशिलात बसलेली, जवळ फटाका फुटलेला, आधी कधी कान वाहिलेला, अशा कुणीही थेंब किंवा पाणी घालायचं नाही. कापसाची काडी आणि कानकोरणं मळ बाहेर काढण्यापेक्षा आत ढकलतात. मळ नळीच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शातच तयार होतो. पडद्याला चिकटलेला मळ बहुधा काडीनेच तिथवर नेलेला असतो.

नाक दाबून फुंकर मारायची असेल तर हलकी. जोर लावून वारंवार मारली तर आतल्या कानाच्या नाजूक खिडकीला इजा होऊ शकते. आधीच आतला कान बिघडलेला असेल तर ती मारूच नये.

ढोल-ताशा पथकात वाजवून आल्यावर किंवा मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपाशी उभं राहून आल्यावर दोन्ही कानांना दडे बसतात आणि कानात सूं आवाज येतो. हे बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. दोन दिवस झाले तरी उतरलं नाही, किंवा एकाच कानाला उरलं, तर तेही तपासायचं.

काही लक्षणांत कानाच्या डॉक्टरकडेही न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायला हवं. ऐकू न येण्यासोबत तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं किंवा उभंच राहता न येणं, हा मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. कानाच्या पाळीवर किंवा नळीत पुरळाचे फोड, असह्य दुखणं आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा, हे नागिणीचं कानातलं रूप. त्यालाही थांबायचं नाही.

तपासणीच्या खोलीत

आधी कानात बघणं. मळ दिसला तर तो काढतात. पाण्याने काढायचा असेल तर पाणी शरीराच्या तापमानाचं, ३७ अंशांच्या आसपास. त्याहून गार किंवा गरम पाण्याने जोराची चक्कर येते, कारण शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव हलतो. इथे एक मोठा खड्डा आहे. मळ निघाला, सगळ्यांना कारण सापडल्याचं समाधान वाटलं आणि रुग्ण घरी गेला. पण मळ बहुतेकांच्या कानात थोडाफार असतोच. मळ काढल्यावर ऐकू येणं लगेच, तिथल्या तिथे, पूर्ववत झालं नाही तर मळ हे कारण नव्हतं. त्याच दिवशी ऑडिओमेट्री मागा. "सूज आहे, उतरेल" एवढ्यावर उठू नका.

मग नादकाटा, ५१२ हर्ट्झचा. तो वाजवून कपाळाच्या मध्यावर ठेवतात आणि आवाज कुठल्या कानाकडे जातो ते विचारतात. मकाराच्या खुणेचीच ही पक्की आवृत्ती. नंतर काट्याचा दांडा कानामागच्या हाडावर आणि मग टोकं कानासमोर, कुठे मोठा वाटतो? नळीत अडथळा असेल तर हाडावर मोठा वाटतो. पण एक कान पूर्ण गेला असेल तरी हाडावरच मोठा वाटतो, कारण तो आवाज कवटीतून पलीकडचा चांगला कान ऐकत असतो. दुसऱ्या चाचणीचा निकाल एकटा वाचला तर नसेचा बहिरेपणा "पडद्यामागचं पाणी" म्हणून निघून जातो. कपाळावरची चाचणी सोबत लावूनच अर्थ लावायचा.

ऑडिओमेट्री वीस ते तीस मिनिटांची. आवाजबंद खोली, हेडफोन, हातात बटण. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर देतात. ऐकू आला की दहा डेसिबलने कमी करतात, नाही आला की पाचने वाढवतात, आणि जिथे तो जेमतेम ऐकू येतो ती पातळी कागदावर मांडतात. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. मग कानामागच्या हाडावर स्प्रिंगच्या पट्टीने एक छोटा कंपक बसवतात आणि पुन्हा तेच. कागदावर रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. हेडफोनची म्हणजे हवेची रेघ खाली आणि कंपकाची म्हणजे हाडाची रेघ वर, मधे दहा डेसिबलहून जास्त फट, म्हणजे अडथळा. दोन्ही रेघा एकत्र खाली उतरल्या म्हणजे आतला कान.

या सगळ्यात निर्णायक पायरी मास्किंगची, आणि घाईत तीच वगळली जाते. बिघडलेल्या कानात दिलेला आवाज साधारण चाळीस डेसिबल घटून पलीकडे पोचतो. हाडावरचा तर जवळजवळ न घटता पोचतो. म्हणून चांगल्या कानाला त्या वेळी एक भुसभुस आवाज देऊन गुंतवून ठेवावं लागतं, कुकरची वाफ सुटावी तसा. रुग्णाला आम्ही सांगतो, "भुसभुस विसरा, फक्त टूं टूं ऐकू आलं की बटण दाबा." हे केलं नाही तर पूर्ण गेलेल्या कानाची हवेची रेघ पन्नास-साठ डेसिबलवर दिसते, हाडाची रेघ जवळपास नॉर्मल दिसते, आणि कागदावर हुबेहूब मधल्या कानाचा आजार उभा राहतो. पडद्यामागच्या पाण्याची औषधं सुरू होतात, दोन आठवडे जातात. हातातला ऑडिओग्राम कुणालाही एवढं तपासता येतो. बिघडलेल्या कानाची हाडाची खूण बाणासारखी, म्हणजे टोकदार कंसाची असेल तर ती मास्किंगविना घेतलेली. चौकोनी कंसाची असेल तर मास्किंग देऊन घेतलेली. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालेल्याच्या कागदावर चौकोनी कंस दिसायलाच हवेत. नसतील तर शांतपणे विचारा.

पडद्याच्या हालचालीची चाचणी, टिंपॅनोमेट्री, दोन मिनिटांची असते. तिच्यात डोंगरासारखं टोक आलं तर पडदा नीट हलतोय. सपाट रेघ आली तर मागे पाणी, किंवा पडद्याला भोक, किंवा नळीत मळ.

अचानक नसेचा बहिरेपणा म्हणायची कसोटी अशी आहे: ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन वारंवारतांवर, म्हणजे चाचणीत दिलेल्या सुरांवर, ३० डेसिबल किंवा जास्त घट. आधीचा ऑडिओग्राम सहसा नसतो, म्हणून दुसऱ्या कानाशी तुलना करतात. आणि ३० डेसिबल म्हणजे ३० टक्के नव्हे. "फक्त चाळीसच गेलंय, साठ आहे ना" असं घरी सांगितलं जातं आणि धीर धरला जातो. डेसिबलचं माप टक्क्यांचं नाही. चाळीस डेसिबल घटलं म्हणजे शेजारी बसून हळू बोललेलं त्या कानाला कळणं संपलं.

श्रवणयंत्रांच्या दुकानात मोफत चाचणी असते म्हणून काहीजण आधी तिकडे जातात. अचानक गेलेल्या कानाला पहिल्या आठवड्यात यंत्र नको, डॉक्टर हवा. चाचणीची सोय बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. चाचणी घेणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असतो. तसं विचारायला संकोच नको.

उपचार

कारण बहुतेकांत सापडत नाही. दहातल्या नऊजणांत विषाणू, रक्तपुरवठा, प्रतिकारशक्तीचा गोंधळ यांपैकी कशाकडेही खात्रीने बोट दाखवता येत नाही. तरी इतिहास पूर्ण सांगा. गालगुंड, डोक्याला मार, इंजेक्शनचे कोर्स, कर्करोगाची औषधं. लैंगिक ताकदीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्याही लपवू नका. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या माहितीपत्रकात अचानक बहिरेपणाचा इशारा ठळक करायला लावला.

मुख्य औषध स्टिरॉइड. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शिका २०१२ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सुधारली. तिच्यात प्रेडनिसोलोन दर किलो वजनाला एक मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, सात ते चौदा दिवस, आणि मग तेवढ्याच काळात हळूहळू कमी करत आणणं, असा मार्ग दिला आहे. पुरावा फार भक्कम नाही हेही ती सांगते. पण कान कायमचा जाण्याच्या तुलनेत दोन आठवड्यांच्या औषधाचा धोका लहान आहे, म्हणून ते दिलं जातं, आणि ते द्यावं असंच आमचंही मत आहे. चूक दोन्हीकडे होते. "स्टिरॉइड" म्हटल्यावर घाबरून दहा मिलिग्रॅम पाच दिवस घेणं म्हणजे न घेतल्यासारखंच. आणि जास्त दिलं तर जास्त फायदा, असंही नाही. जर्मनीत झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या डोसने ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक लाभ दिसला नाही.

गोळ्या सकाळी, नाश्ता झाल्यावर, एकदम. संध्याकाळी घेतल्या तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर दुसऱ्या दिवसापासूनच चढते. घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि मधुमेहाच्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी कळवा. रक्तदाब, काचबिंदू, अल्सर, आधी झालेला क्षयरोग, हे सगळं आधी सांगायचं. बरं वाटलं म्हणून मधेच एकदम बंद करायच्या नाहीत. आणि दम्यासाठी घरात पडून असलेल्या जुन्या पट्टीतून स्वतःच सुरुवात करायची नाही. ऑडिओग्राम नसताना कशावर उपचार करतोय हेच माहीत नसतं, आणि पुढे फरक पडला की नाही तेही मोजता येत नाही.

साखर फार चढत असेल, किंवा गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नसेल, तर स्टिरॉइड थेट पडद्यातून मधल्या कानात देतात. नाव ऐकून लोक हादरतात, म्हणून जवळून सांगतो. कुशीवर, बिघडलेला कान वर करून झोपवतात. पडद्यावर भूल देणारं औषध लावून काही मिनिटं थांबतात. दुर्बिणीखाली केसासारख्या बारीक लांब सुईने साधारण अर्धा मिली औषध हळू सोडतात. औषध कोमट हवं, गार असेल तर क्षणभर खोली फिरते. मग त्याच कुशीवर पंधरा ते तीस मिनिटं पडून राहायचं. या वेळात बोलायचं नाही, आणि आवंढाही होईल तितका टाळायचा. गिळलं की नाकामागची नळी उघडते आणि औषध घशात उतरतं. तोंडात कडू चव आली की समजायचं, वाटेला लागलं. दोन आठवड्यांत अशी चारपर्यंत इंजेक्शनं होतात. सुईचं भोक आपोआप भरतं. तोवर आंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून कानात बसवायचा. गोळ्यांनी फरक न पडलेल्यांना हा दुसरा प्रयत्न सुरुवातीपासून दोन ते सहा आठवड्यांच्या आत व्हावा.

जास्त दाबाच्या ऑक्सिजनची कोठडी मोठ्या शहरांत काही ठिकाणी असते. ती स्टिरॉइडच्या सोबत आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपयोगी पडू शकते, एकटी नाही. विषाणूविरोधी गोळ्या, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं, डोक्याचा सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्यांचा गठ्ठा, यांची सरसकट गरज त्या मार्गदर्शिकेत नाही. एमआरआय मात्र लागतो. ऐकण्याच्या नसेवर हळू वाढणारी साधी गाठ अशा रुग्णांपैकी थोड्याजणांत सापडते, आणि कान पूर्ण बरा झाला तरी ती असू शकते. हा एमआरआय पहिल्या दिवशीच नसला तरी चालतो. त्याच्यासाठी स्टिरॉइड अडवून ठेवायचं नाही.

पुढचे महिने

उपचार संपल्यावर ऑडिओग्राम, आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा एक. शक्य असेल तर त्याच यंत्रावर. तुलना तरच नेमकी होते. सुरुवातीला जोराची चक्कर होती, वारंवारता वाढेल तशी रेघ खाली घसरणारी होती किंवा कान जवळपास पूर्ण गेला होता, तर परत येण्याची शक्यता कमी. खालच्या पट्टीतच घट असेल तर जास्त. पण खालच्या पट्टीतला बिघाड गेला आणि पुन्हा आला, सोबत चक्कर आली, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो आणि त्याची वाट वेगळी आहे.

कानातला सूं आवाज ऐकू येणं सुधारल्यानंतरही काही महिने मागे राहतो. रात्री शांत खोलीत तो मोठा वाटतो, म्हणून पंखा किंवा हळू आवाजातला रेडिओ चालू ठेवला की झोप लागते.

एक कान कायमचा गेला तर हाक कुठून आली तेच कळत नाही. पहिले काही महिने रस्ता ओलांडताना हॉर्नच्या दिशेवर भरवसा न ठेवता दोन्हीकडे मान वळवून बघायचं. दुचाकी चालवताना आरशांवर जास्त अवलंबून राहायचं. जेवायच्या पंगतीत चांगला कान लोकांकडे आणि गेलेला कान भिंतीकडे येईल अशी जागा घ्यायची, आणि बसायच्या आधीच ती मागून घ्यायची. पलीकडचा आवाज चांगल्या कानात आणून देणारी यंत्रं आता मिळतात. त्यांचा विचार सहा महिन्यांच्या ऑडिओग्रामनंतर करता येतो. चांगला कान मात्र आजपासून जपायचा. फाइलीच्या पहिल्या पानावर ऐकू येणं कधी थांबलं ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तीच विचारणार आहे.